लायसन्स मित्राचं, हात माझे, मग अडचण काय?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे 33 वर्षांचे आहेत, शाळा दहावीनंतर सुटली. गेली 7 वर्षं एका डीलरकडे सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र), आरओ, यूव्ही अशी पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवतात आणि त्यांची सर्व्हिसही करतात. आता स्वतःचं काम सुरू करायचंय. त्यांच्या भागात घराची मेन लाइन कापून यंत्र जोडायचं तर लायसन्स लागतं आणि ते आजवर मालकाच्या नावावर होतं. ओळखीतला एक लायसन्सवाला प्लंबर म्हणतोय, "माझं नाव टाक, दर कामामागे माझा वाटा दे, मी काही साइटवर यायचो नाही." बायकोचा या गोष्टीला विरोध आहे. लेखी परीक्षेची भीती वाटते, विशेषतः गणिताची. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, "दादा, काम मला त्याच्यापेक्षा चांगलं येतं. ग्राहकापुढे टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार दाखवणारा) बुडवून दाखवला की लगेच पटतंही. मग कागदावर कोणाचं नाव आहे यानं पाण्याला काय फरक पडतो?"

तुमचा शेवटचा प्रश्नच आधी घेतो, कारण सगळं पत्र त्याच्यावर उभं आहे. पाण्याला काही फरक पडत नाही, खरंय. फरक पडतो तो काहीतरी बिघडल्यावर, आणि आपल्या कामात कधी ना कधी काहीतरी बिघडतंच, कितीही हात बसलेला असू दे.

मी हे सदर लिहायच्या आधी बरीच वर्षं तुमचंच काम केलंय. दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. एका घरात जिन्याखालच्या अरुंद जागेत सॉफ्टनर बसवला, एकटाच होतो, घाईत होतो, व्हॉल्व्हवरचा बाण नीट न बघता इनलेट आणि आउटलेट उलटे जोडले. पाणी सुरू केलं, गळती नाही, नळाला पाणी येतंय, सही घेतली आणि निघालो. संध्याकाळी फोन आला की शॉवरमधून पाणीच येत नाही आणि वॉश बेसिनमध्ये पिवळी पिवळी वाळू पडतेय. ती वाळू नव्हती, टाकीतलं रेझिन होतं, म्हणजे पाण्यातला जडपणा धरून ठेवणारा माल. मोहरीपेक्षाही बारीक मणी, मधाच्या रंगाचे. पाणी उलट्या दिशेनं गेलं की टाकीतलं रेझिन वर उचललं जातं आणि वरच्या बाजूला जाळी नसेल तर थेट घराच्या पाइपात जातं. प्रत्येक नळाच्या तोंडाची जाळी, गीझर, वॉशिंग मशीनच्या इनलेटची छोटी जाळी, फ्लश टँकचा व्हॉल्व्ह, सगळीकडे ते मणी जाऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांच्या लायसन्सवर मी काम करत होतो ते स्वतः माझ्याबरोबर आले. त्यांनी आधी घरच्यांना सांगितलं की चूक आमची आहे, मग दोन दिवस आम्ही दोघं गुडघ्यावर बसून एकेक नळ खोलून धूत होतो. गीझर बदलून द्यावा लागला, तो त्यांच्या विम्यातून निघाला. मला ते ओरडले नाहीत, पण त्यानंतर सहा महिने माझं प्रत्येक जोडकाम पाणी सुरू करायच्या आधी स्वतः बघायचे. लायसन्स म्हणजे काय ते मला त्या दोन दिवसांत कळलं. कागदावर ज्याचं नाव आहे तो सकाळी येतो. तुमचा ओळखीचा प्लंबर तर आत्ताच सांगतोय की तो येणार नाही.

त्यामुळे उसनं लायसन्स घेऊन काम करू नका. मी हे कायद्याची भीती घालायला सांगत नाहीये, पण कायद्याची बाजू सोडूनही चालणार नाही. नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं असं आढळलं तर बहुतेक ठिकाणी दोघंही अडकतात, त्याचं लायसन्स जातं आणि तुमचा पुढचा अर्ज अवघड होऊन बसतो. विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की काम कोणी केलं आणि त्याला परवानगी होती का. काही ठिकाणी तर नियम आणखी कडक आहेत, कॅलिफोर्नियात बिनलायसन्सच्या कॉन्ट्रॅक्टरला आपल्या कामाचे पैसे कोर्टात मागताच येत नाहीत, उलट ग्राहकच दिलेले पैसे परत मागू शकतो. म्हणजे काम उत्तम झालं तरी पैसे बुडू शकतात. तुमच्या बायकोला हे कलम माहीत नसेल, पण त्यांना वाटलेली भीती बरोबर जागेची आहे.

आता दुसरी गोष्ट, जरा नाजूक. तुम्ही लिहिलंय की काम तुम्हाला येतं, फक्त कागद नाहीये. तुमचा हात चांगला असणार यात मला शंका नाही, 7 वर्षं कोणी उगाच ठेवून घेत नाही. पण तुम्ही 7 वर्षांत जे शिकलात ते त्या डीलरची यंत्रं. कुठल्या घरात काय बसवायचं हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं होतं, तुम्ही ते बसवलं. स्वतःचं काम सुरू केल्यावर ग्राहक तुम्हाला विचारणार की माझ्या पाण्याला काय हवंय, आणि तिथे हात नाही, डोकं लागतं.

टीडीएस मीटरचंच घ्या. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, त्याच्यापलीकडे त्याला काही कळत नाही. जंतू कळत नाहीत. आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे 0.01 मिलिग्रॅम, आणि मीटरवर आकडा दिसतो 300 किंवा 400, त्यात हे 0.01 कुठे दिसणार? दोन ग्लास घ्या, एकात स्वच्छ पण क्षार जास्त असलेलं पाणी आणि दुसऱ्यात कमी क्षारांचं पण सांडपाणी मिसळलेलं, मीटर दुसऱ्या ग्लासला चांगलं म्हणेल. आणि सॉफ्टनर तर तुम्ही रोज बसवता, त्याच्या आधी आणि नंतर मीटर लावून बघा, आकडा जवळपास तोच येतो, कारण सॉफ्टनर कॅल्शियम मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, क्षार कमी करत नाही. म्हणून मीटर दाखवून ग्राहकाला पटतं हे खरं असलं तरी काय पटतं हे एकदा स्वतःला विचारा.

याच्याहून वाईट तो विजेच्या कांड्यांचा प्रयोग. तुम्ही पाहिलाच असेल, दोन ग्लासांत कांड्या बुडवतात, नळाचं पाणी दोन मिनिटांत तपकिरी, घाणेरडं, फेसाळ होतं आणि आरओचं पाणी तसंच राहतं, घरातली म्हातारी माणसं घाबरून जातात. तो गाळ पाण्यातला नसतो. लोखंडी कांडी विजेनं झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून वीज फारशी जात नाही, म्हणून कांडी झिजत नाही, एवढाच खेळ आहे. त्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं तर तेही तपकिरी होईल. तुमच्या डीलरकडे हे करायला लावत असतील तर स्वतःच्या कामात ही सवय नेऊ नका, कृपा करून.

लायसन्सच्या अभ्यासात नेमकं काय असतं असं विचाराल तर त्यातला बराच भाग यंत्राचा नसतोच, घराच्या आणि शेजाऱ्यांच्या पाण्याचा असतो. उदाहरण देतो. सॉफ्टनरची ड्रेन लाइन, म्हणजे टाकी धुतलेलं पाणी बाहेर टाकणारी नळी, तुम्ही कुठे सोडता? गळू नये म्हणून पुष्कळ जण ती सरळ सांडपाण्याच्या पाइपात घट्ट खुपसून सील करतात, दिसायलाही नीटनेटकं दिसतं. पण मेन लाइनमधला दाब अचानक पडला, समजा रस्त्यावरची लाइन फुटली, तर तीच नळी सांडपाणी उलटं ओढू शकते. म्हणून नळीचं तोंड आणि सांडपाण्याची कड यांच्यात मोकळी हवा ठेवायची, सर्वसाधारण नियम असा की नळीच्या व्यासाच्या दुप्पट आणि निदान 25 मिलिमीटर. एवढीशी फट, पण तिच्यामुळे दोन पाण्यांची भेटच होत नाही.

दुसरं उदाहरण कदाचित तुम्ही कधी ऐकलंही नसेल, मीही परीक्षेच्या अभ्यासातच पहिल्यांदा वाचलं. जुन्या काही घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी किंवा तांब्याच्या पाइपलाच जोडलेलं असतं. तुम्ही तो पाइप कापता आणि मध्ये प्लास्टिकचा बायपास (यंत्र टाळून पाणी सोडायची जोडणी) बसवता. पाणी छान चालतं, पण अर्थिंग तुटलं, आणि कोणाला पत्ताच नाही. पुढे कधीतरी एखाद्या यंत्रात फॉल्ट आला की नळाला हात लावणाऱ्याला झटका. उपाय सोपा आहे, कापलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून जाड तांब्याची वायर जोडायची आणि शंका असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. मी हे वाचलं तेव्हा आधी बसवलेली सगळी घरं आठवली आणि त्या रात्री झोप लागली नाही, पुढचा महिनाभर सुट्टीच्या दिवशी एकेका घरी जाऊन बघून आलो. तीन घरांत वायर टाकावी लागली.

बाकी दाब किती असला तर आधी रेग्युलेटर लावायचा, क्लोरीन आधी कार्बननं का काढायचं (नाहीतर आरओचं मेंब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, खराब होतं), बसवल्यावर निर्जंतुक कसं करायचं हे तुम्हाला बहुतेक येत असणार, त्यावर वेळ घालवत नाही.

गणिताची भीती मात्र मनावर घेऊ नका. कारण तुम्ही ते गणित रोज करताय, फक्त कागदावर लिहीत नाही. समजा घरात 4 माणसं, माणशी दिवसाला 200 लिटर, म्हणजे 800 लिटर. पाण्याचा जडपणा लिटरला 350 मिलिग्रॅम. 800 गुणिले 350 म्हणजे 2,80,000 मिलिग्रॅम, म्हणजे 280 ग्रॅम जडपणा रोज काढायचाय. टाकीत 25 लिटर रेझिन आहे आणि बेताचं मीठ वापरून एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम धरतं असं समजू, म्हणजे एकूण 1250 ग्रॅम. 1250 भागिले 280, साडेचारच्या आत बाहेर. म्हणजे चार दिवसांनी रिजनरेशन, मिठाच्या पाण्यानं रेझिन धुऊन पुन्हा ताजं करायचं. झालं, हेच गणित. काही ठिकाणी जडपणा गॅलनमागे ग्रेनमध्ये देतात, तिथे अमेरिकी गॅलनला एक ग्रेन म्हणजे लिटरला 17.1 मिलिग्रॅम एवढं पाठ करा. उरलेलं टाकीचं आकारमान, दाबाची एककं, क्लोरीनचं प्रमाण, सगळं गुणाकार भागाकारातलंच. कॅल्क्युलेटर चालतो का ते आधी विचारून घ्या, पुष्कळ ठिकाणी चालतो. रोज संध्याकाळी त्या दिवशी बसवलेल्या यंत्राचं हे गणित वहीत मांडा, दोन महिन्यांत भीती जाईल, मी तीन पोरांना असंच बसवून शिकवलंय आणि त्यातला एक तुमच्यासारखाच दहावीत शाळा सोडलेला होता.

आता लायसन्स कुठलं, हा खरा गोंधळाचा भाग. सगळीकडे एकच नियम नाही. काही ठिकाणी पूर्ण प्लंबरचंच लायसन्स लागतं, काही ठिकाणी फक्त या कामापुरतं छोटं वेगळं लायसन्स असतं आणि ते मिळवायला कमी वेळ लागतो. कॅलिफोर्नियात सी-55 नावाचा वर्ग केवळ वॉटर कंडिशनिंगसाठी आहे, टेक्सासमध्ये पर्यावरण आयोग याच कामाचं तीन वर्गांत लायसन्स देतो. आणि काही देशांत घरगुती यंत्राला वेगळं लायसन्सच नाही, पण पाइपलाइन आणि बॅकफ्लोचे (पाणी उलटं मेन लाइनमध्ये जाण्याचे) नियम असतात. म्हणून तुमच्या भागात पाणीपुरवठा, बांधकाम आणि आरोग्य अशा तिन्ही खात्यांकडे लेखी विचारा, तोंडी नको. प्रश्न एकच ठेवा: घराच्या लाइनला पाणी शुद्ध करायचं यंत्र जोडायला आणि त्याची सर्व्हिस करायला कुठलं लायसन्स लागतं, आणि कुठल्या कामाला लागत नाही. दुसरा अर्धा प्रश्न विसरू नका, तोच तुमच्या पोटापाण्याचा आहे.

आणि लायसन्स, सर्टिफिकेट आणि यंत्रावरचा शिक्का या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. लायसन्स सरकार देतं, त्याशिवाय काम करायची परवानगी नाही. सर्टिफिकेट एखादी संस्था देते, जसं अमेरिकेतली वॉटर क्वालिटी असोसिएशन इन्स्टॉलर आणि स्पेशालिस्टसाठी अभ्यास आणि परीक्षा घेते, त्यानं ज्ञान वाढतं, ग्राहकाचा विश्वास बसतो, पण ते लायसन्सची जागा घेत नाही. यंत्रावरचा शिक्का म्हणजे त्या यंत्राची चाचणी झालीय, उदाहरणार्थ एनएसएफ/आन्सी या अमेरिकी मानकांपैकी 44 सॉफ्टनरसाठी, 58 आरओसाठी, 55 यूव्हीसाठी. तो शिक्का यंत्र चांगलं असल्याचं सांगतो, तुम्ही ते बरोबर बसवल्याचं नाही. कुणी पैसे घेऊन चार तासांत "लायसन्स" देतो म्हणाला तर ते यातलं काहीच नसणार.

मग तोवर घर कसं चालवायचं? तुम्ही पत्रात जणू दोनच रस्ते मांडलेत, उसनं नाव किंवा रिकामं बसणं. तसं नाहीये. माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे नोकरी आत्ता सोडू नका आणि त्याच मालकाकडे ट्रेनी किंवा जे काही तुमच्या भागात म्हणतात त्या नावानं रीतसर नोंद करून घ्या. पुष्कळ ठिकाणी अनुभव मोजला जातो तो सिद्ध करता आला तरच, कॅलिफोर्नियाच्या त्या सी-55 ला गेल्या 10 वर्षांतला 4 वर्षांचा अनुभव लागतो आणि तो माहितीतल्या माणसानं लिहून द्यावा लागतो. तुमच्याकडे 7 वर्षं आहेत पण कागद किती आहे? आजपासून जुन्या जॉब शीट, पगाराच्या पावत्या, कामाचे फोटो गोळा करा. मालकाशी चांगले संबंध असतानाच पत्र मागा, सोडून गेल्यावर आणि त्याच गल्लीत धंदा मांडल्यावर ते पत्र मिळायला फार कष्ट पडतात.

नोकरी सोडायचीच असेल तर बऱ्याच भागांत कार्ट्रिज बदलणं, मेंब्रेन बदलणं, टाकी आणि हाउसिंग (फिल्टरचं आवरण) निर्जंतुक करणं, पाण्याचा नमुना घेऊन लॅबला पाठवणं याला लायसन्स लागत नाही, पण हे आपल्या भागात लेखी विचारून मगच करा. याच कामावर सुरुवातीचं वर्ष निघू शकतं, आणि खरं सांगतो, या धंद्यात टिकाऊ पैसा सर्व्हिसमध्येच आहे, बसवण्यात नाही.

तिसरा रस्ता तुमच्या त्या प्लंबरलाच धरून आहे, पण सरळ. तो पाइप कापेल, बायपास आणि ड्रेन जोडेल, स्वतः येऊन, स्वतःचं बिल देऊन. तुम्ही यंत्र निवडाल, सेट कराल, पाणी तपासाल, सर्व्हिस सांभाळाल. काही ठिकाणी लायसन्सवाला माणूस दुसऱ्याच्या कंपनीचा जबाबदार म्हणून अधिकृत नोंदवताही येतो, पण तिथे त्याला खरंच देखरेख करावी लागते, महिन्याला पैसे घेऊन गायब होता येत नाही. त्याला हे विचारा. त्याचं उत्तर काय येतं त्यावरूनच तुम्हाला तो भागीदार म्हणून कसा आहे ते कळेल.

असं पत्र लिहिणारे तुम्ही एकटे नाही. काही जण ऑलरेडी उसन्या नावावर काम करतायत आणि मला निनावी लिहितात की आता काय करू. त्यांना एवढंच सांगेन की आधी नवीन कामं घेणं थांबवा, मग बसवलेल्या घरांची यादी काढा आणि तीन गोष्टी बघून या: ड्रेनची फट, अर्थिंगची वायर, पाण्याची दिशा. सर्व्हिस व्हिजिट म्हणून जा, काही चुकलेलं दिसलं तर ग्राहकाला सांगा आणि लायसन्सवाल्याला बरोबर नेऊन दुरुस्त करा, पैसे घेऊ नका.

तुम्हाला या आठवड्यात करायचंय ते एवढंच: खात्यांना ते पत्र, मालकाकडे अनुभवाचं पत्र आणि प्लंबरला फोन. त्याला वाईट वाटू नये असं बोला, त्यानं त्याच्या परीनं मदतच देऊ केली होती. म्हणा, "भाऊ, तुझं नाव मला नको, तू ये. पहिलं काम ठरलं की दोघं मिळून करू, पाइप तू काप." आणि हा फोन बायकोसमोर करा.